निरक्षरांचे मत

ब्राझील या देशात १९८५ सालापर्यंत निरक्षर माणसाला मतदानाचा अधिकार नव्हता. तो उसाच्या मळ्यात राबत होता, शहरात इमारती उभारीत होता, विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर कर भरीत होता. परंतु देशाचा कारभार कोणी करावा हे ठरविण्याची वेळ आली की त्याला कोणी विचारीत नसे. आपल्याला लिहिता-वाचता येते हे सिद्ध करता आले नाही, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे होते.

ब्राझील हा काही लहान वा दुर्लक्षित देश नव्हे. दक्षिण अमेरिका खंडाचा जवळजवळ अर्धा भाग त्याने व्यापला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीच पटींहून अधिक आहे. २०२२ सालच्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख आहे. कॉफी, साखर, सोयाबीन, लोहखनिज, इतकेच नव्हे तर विमानेही हा देश जगाला विकतो. आकाराने पाहता जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये त्याची गणना होते. असे असूनही श्रीमंत आणि गरीब यांच्यातील अंतराबाबत ब्राझीलचे नाव अनेक दशके जगात फार वर राहिले. एवढी संपत्ती असलेल्या देशात एवढे दारिद्र्य कसे टिकले? या प्रश्नाला अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र यांनी अनेक उत्तरे दिली आहेत. त्यांतील एक उत्तर मतपेटीत सापडते.

ब्राझीलवर पोर्तुगालची सत्ता होती. उसाच्या मळ्यांत, सोन्याच्या खाणींत आणि पुढे कॉफीच्या बागांत काम करण्यासाठी आफ्रिकेतून सुमारे पन्नास लाख माणसे गुलाम म्हणून तेथे नेण्यात आली. देश १८२२ साली स्वतंत्र झाला, तरी गुलामगिरी चालूच राहिली. ती रद्द झाली १८८८ साली. संपूर्ण अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. गुलामगिरीतून सुटलेल्यांना ना जमीन मिळाली, ना शाळा.

गुलामगिरी संपण्यापूर्वी सात वर्षे, म्हणजे १८८१ साली, तेथे निवडणुकीचा नवा कायदा झाला. तोपर्यंत ठरावीक उत्पन्न असलेल्या पुरुषांना, ते निरक्षर असले तरी, मत देता येत असे. नव्या कायद्याने उत्पन्नाचा पुरावा कडक केला आणि नव्याने नाव नोंदविणाऱ्याला साक्षरतेची अट घातली. त्या काळी ब्राझीलमध्ये दर पाच माणसांपैकी चार निरक्षर होती. परिणाम ठरलेलाच होता. पूर्वी लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के लोक मतदार होते. ते प्रमाण आता एक टक्क्याहूनही खाली घसरले. कायद्याच्या समर्थकांचा दावा असा होता की, निरक्षर माणूस जमीनदाराच्या सांगण्यावरून मत देतो, म्हणून त्याला वगळल्याने निवडणुका शुद्ध होतील. जमीनदाराची दांडगाई थांबविण्याऐवजी मजुराचे मत काढून घेणे, हा उपाय सोयीचा होता खरा. पण कोणाच्या सोयीचा, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे १८८९ साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, १९३२ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, गुप्त मतदानाची पद्धत आली. पण साक्षरतेची अट मात्र शंभर वर्षे जागची हलली नाही.

हाच युक्तिवाद भारतातही केला जात होता. निरक्षर लोकांना मताधिकार देणे धोक्याचे आहे, असे ब्रिटिश राज्यकर्त्यांना आणि अनेक सुशिक्षित भारतीयांनाही वाटत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन कमिशनच्या कामकाजाच्या निमित्ताने १९२९ साली जो स्वतंत्र अहवाल सादर केला, त्यात या समजुतीतील दोष स्पष्ट केला आहे. निरक्षर मनुष्य अपरिहार्यपणे बुद्धिहीन असतो असे मानणे ही एक चूक आणि साक्षरतेमुळे शहाणपण आपोआप येते असे समजणे ही दुसरी चूक, असा त्यांचा आशय होता. स्वतंत्र भारताने संविधानाद्वारे प्रौढ मताधिकार स्वीकारला. १९५१ सालच्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण केवळ १८ टक्क्यांच्या आसपास होते. तरीही १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नावे यादीत होती. वाचता न येणाऱ्यांसाठी पक्षांना चिन्हे देण्यात आली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर ते चिन्ह चिकटविण्यात आले. अडचणी आल्या नाहीत असे नाही. स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको वा तमक्याची आई एवढीच ओळख देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. पण अडचण नोंदणीची होती. अधिकार मुळातच नाकारलेला नव्हता.

ब्राझीलमध्ये अधिकारच नसल्यामुळे तेथे साक्षरता हा केवळ शिक्षणाचा विषय राहिला नाही, तो राजकारणाचा विषय झाला. अक्षर शिकलेला प्रत्येक प्रौढ म्हणजे एक नवा मतदार. १९६० सालच्या सुमारास पंधरा वर्षांवरील दर शंभर माणसांपैकी सुमारे चाळीस निरक्षर होती आणि त्यांतील फार मोठा भाग ईशान्य ब्राझीलच्या अवर्षणग्रस्त, जमीनदारीने ग्रासलेल्या प्रदेशात होता. याच प्रदेशातील अंजिकुस नावाच्या लहानशा गावी १९६३ साली पावलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञाने एक प्रयोग केला. सुमारे तीनशे प्रौढांना चाळीस तासांच्या अध्यापनात लिहिता-वाचता आणण्याचा हा प्रयोग होता.

फ्रेरी यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. मोठ्या माणसांच्या हाती लहान मुलांचे पुस्तक देणे त्यांना मान्य नव्हते. ते प्रथम त्या वस्तीतील लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा करीत. मग त्या शब्दाशी निगडित असे चित्र दाखवून चर्चा होई. वीट या अर्थाचा ‘तिझोलो’ हा पोर्तुगीज शब्द हे त्यांच्या पद्धतीतील प्रसिद्ध उदाहरण आहे. विटांनी घर बांधणाऱ्या मजुराचे चित्र समोर ठेवून, हे घर कोण बांधतो, त्यात कोण राहतो, बांधणाऱ्याचे स्वतःचे घर कसे आहे, अशी बोलणी होत. त्यानंतर शब्द फोडून दाखविला जाई: ति, झो, लो. मग प्रत्येक अक्षराची ओळ: ता, ते, ती, तो, तू, झा, झे, झी, झो, झू, ला, ले, ली, लो, लू. आपल्या बाराखडीचीच ही भावंडे म्हणावी लागतील. या तीन ओळींतून शिकणारे स्वतः शब्द जुळवीत. कोणी ‘लोझा’ म्हणजे दुकान लिही, तर कोणी ‘लूता’ म्हणजे लढा.

अंजिकुसच्या समारोपाला राष्ट्राध्यक्ष जोआव गुलार्ट स्वतः उपस्थित राहिले. देशभर अशी वीस हजार मंडळे काढून वीस लाख लोकांपर्यंत पोहोचण्याची योजना आखण्यात आली आणि जानेवारी १९६४ मध्ये तिला शासकीय मान्यता मिळाली. वीस लाख नवे साक्षर म्हणजे वीस लाख नवे मतदार, हा हिशेब जमीनदारांनाही करता येत होता. एप्रिल १९६४ उजाडता उजाडता लष्कराने सत्ता हाती घेतली. योजना तत्काळ गुंडाळण्यात आली. फ्रेरी यांना सुमारे सत्तर दिवस तुरुंगात डांबण्यात आले आणि नंतर सुमारे पंधरा वर्षे त्यांना देशाबाहेर काढावी लागली. लष्करी राजवटीनेही पुढे प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम चालविली, नाही असे नाही; तीत अक्षरे होती, पण घर कोण बांधतो आणि कोण राहतो हा प्रश्न नव्हता.

लष्करी राजवट एकवीस वर्षे टिकली. या काळात, विशेषतः १९६८ ते १९७३ या वर्षांत, देशाचे उत्पन्न दरवर्षी सरासरी दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले. ‘ब्राझीलचा चमत्कार’ असे त्याचे कौतुक झाले. ॲमेझॉनच्या अरण्यातून महामार्ग निघाला, रिओ दी जानेरोच्या उपसागरावर लांबलचक पूल उभा राहिला, पॅराग्वेच्या सीमेवर इतायपू येथे प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले. भाकरी आधी मोठी होऊ द्यावी, मग मोडून वाटावी, अशा आशयाचे वाक्य त्या काळातील धोरणाचे सार म्हणून ब्राझीलमध्ये आजही सांगितले जाते. तेथे भाकरीच्या जागी केक असतो इतकेच. केक फुगला. वाटणी मात्र झाली नाही. उत्पन्नातील वरच्या दहा टक्के लोकांचा हिस्सा वाढला आणि तळाच्या निम्म्या लोकांचा घटला. कामगार संघटनांवर बंधने होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. साओ पाउलो शहराच्या गरीब वस्त्यांत मेंदूज्वराची भयंकर साथ पसरली, तेव्हा तिच्या बातम्याही सुरुवातीस दाबून ठेवण्यात आल्या. देशाच्या प्रगतीचे आकडे जाहीर होत असताना आजाराचे आकडे लपविले जात होते. साथीत लोकांचे जीव गेले. सरकारला मात्र मताची भीती नव्हती.

चमत्कार उसनवारीवर उभा होता. विदेशी कर्ज वाढत गेले, तेलाच्या किमती भडकल्या, व्याजाचे दर चढले आणि १९८२ नंतर देश कर्जाच्या गर्तेत सापडला. महागाई हाताबाहेर गेली. १९८४ साली राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा या मागणीसाठी लाखो माणसे रस्त्यावर आली. १९८५ साली लष्कर बाजूला झाले आणि नागरी शासन आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संविधानदुरुस्ती होऊन निरक्षरांना मताधिकार मिळाला. १८८१ च्या कायद्यानंतर तब्बल एकशे चार वर्षांनी!

१९८८ सालच्या नव्या संविधानाने हा अधिकार कायम केला. ब्राझीलमध्ये १८ ते ७० वर्षांच्या साक्षर नागरिकास मतदान सक्तीचे आहे. निरक्षरांना, सत्तरीच्या पुढील वृद्धांना आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना ते ऐच्छिक आहे. याच संविधानात आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचे कर्तव्य असल्याचे म्हटले आहे. त्यानुसार सर्वांसाठी मोफत सार्वजनिक आरोग्यसेवा उभी करण्याचे काम सुरू झाले. मात्र संविधानात लिहिलेला हक्क गावातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि पैसाही.

पैशाचीच मोठी अडचण होती. १९९३ सालच्या एका वर्षात किमती सुमारे पंचवीस पट झाल्या. दुकानांतील नोकर हातात यंत्र घेऊन दिवसभर वस्तूंवर नव्या किमतीच्या चिठ्ठ्या डकवीत असत. श्रीमंतांचा पैसा बँकेत असे आणि महागाईच्या प्रमाणात त्यावर दररोज भर पडे. मजुराला बँकेत खाते नसे. त्याला पहिल्या तारखेला मिळालेला पगार महिनाअखेरीस काही अंशानेच उरे; म्हणून पगार होताच लोक दुकानाकडे धावत आणि महिन्याचे धान्य, तेल, साबण भरून ठेवीत. महागाई हा गरिबांवरचा सर्वांत जबर कर असतो, तो असा. सरकारांनी चलनाची नावे बदलून पाहिली, किमती गोठवून पाहिल्या, १९९० साली तर लोकांच्या बँकेतील ठेवीच अडकवून ठेवल्या. उपयोग झाला नाही.

१९९४ साली अर्थमंत्री फर्नांदो एन्रिके कार्दोसो आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी वेगळाच मार्ग काढला. कार्दोसो मूळचे समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १ मार्च १९९४ पासून एक मापनएकक सुरू केले. त्याची नोट नव्हती, नाणे नव्हते. तो केवळ हिशेबाचा आकडा होता. पगार, भाडे, किमती या एककात सांगावयाच्या आणि त्या दिवसाच्या दराने जुन्या नोटांत चुकवावयाच्या. जुन्या नोटांतील किंमत रोज वाढे, पण एककातील किंमत बहुतांशी स्थिर राही. चार महिने लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या मनात स्थिर किमतीची सवय रुजली आणि मग १ जुलै १९९४ रोजी त्याच एककाचे ‘रिआल’ नावाचे खरे चलन झाले. २७५० जुन्या क्रूझेरो रिआलला एक नवा रिआल मिळाला. दोन वर्षांनी, १९९६ साली, महागाईचा वार्षिक दर दहा टक्क्यांच्या आत आला होता. त्याच यशावर कार्दोसो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

आता मताधिकार होता आणि चलनही स्थिर झाले होते. तरीही निरक्षरांचे मत मोजले जात होते काय? येथे एका साध्या कागदाने मोठा घोटाळा केला होता. राष्ट्राध्यक्ष किंवा राज्यपाल यांच्यासाठी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली असत आणि चौकटीत खूण करावी लागे. परंतु राज्याच्या वा देशाच्या विधिमंडळातील सदस्यासाठी शेकडो उमेदवार असल्यामुळे नावे छापलेली नसत. तेथे रिकामी ओळ असे. मतदाराने उमेदवाराचे नाव किंवा त्याचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहावा, अशी अपेक्षा असे. म्हणजे दारातून आत घेतलेल्या निरक्षराला खोलीत पुन्हा तीच परीक्षा! कोणी ओळ कोरी ठेवी, कोणी चुकीच्या जागी लिही, कोणाचे अक्षर मोजणाऱ्याला लागत नसे. अशी कोरी आणि बाद मते फार मोठ्या संख्येने निघत. चिन्ह पाहून मत देणाऱ्या भारतीय मतदाराला हा प्रकार समजणेही कठीण जाईल.

१९९६ सालापासून ब्राझीलने इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्र आणले. त्यामागील मुख्य हेतू मतमोजणीतील गैरप्रकार थांबविणे आणि निकाल लवकर लावणे हा होता. निरक्षरांची सोय हा त्याचा जणू आनुषंगिक लाभ. यंत्रावर टेलिफोनसारखे अंकांचे फळे असतात. मतदाराने उमेदवाराचा क्रमांक दाबला की पडद्यावर त्याचे छायाचित्र येते. छायाचित्र ओळखीचे असेल तर हिरवी कळ दाबावयाची, चूक झाली असेल तर नारिंगी कळ दाबून पुन्हा क्रमांक घालावयाचा. कोणालाही मत द्यावयाचे नसेल तर पांढरी कळ आहे. अक्षरे न येणाऱ्या माणसालाही अंक बहुधा येतात. बाजारात, बसमध्ये, पगाराच्या दिवशी त्यांची गरज पडतेच. आणि चेहरा ओळखण्यास तर शाळेत जावे लागत नाही.

१९९८ सालच्या निवडणुकीत यंत्रे पुरेशी नव्हती. म्हणून सामान्यतः ४०,५०० पेक्षा अधिक मतदार असलेल्या नगरपालिका क्षेत्रांत यंत्रे दिली आणि त्याहून लहान क्षेत्रांत कागदी मतपत्रिकाच ठेवली. सन २००० पासून देशभर यंत्रे आली. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ थॉमस फुजिवारा यांनी पुढे या अपघाती विभागणीचा उपयोग करून घेतला. ४०,००० मतदारांचे गाव आणि ४१,००० मतदारांचे गाव यांत एरवी विशेष फरक नसतो. एकीकडे कागद आणि दुसरीकडे यंत्र, एवढाच काय तो भेद. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, यंत्रामुळे राज्य विधिमंडळांच्या निवडणुकीत एकूण मतदानाच्या दहा टक्क्यांहून अधिक मते बाद होण्यापासून वाचली. ही मते प्रामुख्याने कमी शिकलेल्या, गरीब लोकांची होती. कायद्याने १९८५ साली दिलेला अधिकार लाखो लोकांच्या हाती खऱ्या अर्थाने पडला तो या यंत्रामुळे.

अभ्यासाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या राज्यांत यंत्रे अगोदर आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचली, तेथील राज्य शासनांच्या खर्चातील आरोग्यसेवेचा वाटा वाढला. श्रीमंत आणि मध्यमवर्गीय ब्राझिलियन बहुधा खाजगी रुग्णालयात जातात. सार्वजनिक दवाखान्याची गरज गरिबालाच असते. त्या राज्यांत कमी शिकलेल्या गर्भवती स्त्रियांच्या तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या पोटी कमी वजनाची बालके जन्मण्याचे प्रमाण घटले. सुशिक्षित मातांच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. मतपत्रिकेवरील एक रिकामी ओळ गेली आणि पाळण्यातील बाळाचे वजन वाढले, असा हा दूरचा, पण मोजून पाहिलेला संबंध आहे.

बालकांच्या आरोग्यात झालेली सुधारणा अर्थातच केवळ यंत्राची देणगी नव्हे. घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांची योजना १९९१ पासून आणि कौटुंबिक आरोग्याचा कार्यक्रम १९९४ पासून सुरू झाला होता. लसीकरण, पिण्याचे पाणी, स्त्रियांचे शिक्षण यांचाही वाटा मोठा होता. १९९० साली दर हजार जिवंत जन्मांमागे पन्नासच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत. २०१५ पर्यंत ही संख्या पंधराच्या आसपास आली.

२००३ साली लुला दा सिल्वा राष्ट्राध्यक्ष झाले. ते ईशान्येकडील एका गरीब कुटुंबातले. लहानपणी आईबरोबर साओ पाउलोकडे आले, कारखान्यात लेथ यंत्रावर काम केले, कामगारनेते झाले. त्यांची आई जन्मभर निरक्षर राहिली आणि १९८० साली वारली. तेव्हा लुला संपाच्या कारणावरून तुरुंगात होते. देशाच्या भावी राष्ट्राध्यक्षाच्या मातेला आयुष्यात एकदाही मत देण्याचा अधिकार मिळाला नाही.

लुला यांच्या शासनाने आधीच्या काही योजना एकत्र करून ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बोल्सा फॅमिलिया’, म्हणजे कुटुंबनिधी, ही योजना सुरू केली. गरीब कुटुंबाला दरमहा ठरावीक रक्कम मिळे. अट अशी की मुलांनी शाळेत नियमित हजर राहावे, लहानग्यांना लसी टोचून घ्याव्यात, गर्भवतीने तपासणी करवून घ्यावी. पैसे बँकेच्या कार्डावर जमा होत आणि ते कार्ड शक्यतो घरातील स्त्रीच्या नावे असे. फुकटच्या पैशाने लोक आळशी होतील, अशी टीका झालीच. रक्कम इतकी अल्प होती की तीवर बसून खाणे कोणालाही शक्य नव्हते. वही, चपला, दूध एवढ्याला ती पुरे. २०१३ च्या सुमारास सुमारे एक कोटी चाळीस लाख कुटुंबे योजनेत होती आणि तिच्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. याच काळात किमान वेतन वाढले, रोजगारही वाढला, आणि विषमता हळूहळू का होईना कमी झाली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या भूकग्रस्त देशांच्या नकाशातून ब्राझीलचे नाव वगळले गेले.

ही वाटचाल सरळ रेषेत पुढे गेली नाही. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी देशाचे उत्पन्न तीन टक्क्यांहून अधिक घटले, भ्रष्टाचाराची मोठी प्रकरणे उघडकीस आली, २०१६ साली राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांना महाभियोगाद्वारे पदावरून दूर करण्यात आले. बेकारी वाढली आणि देश भुकेच्या नकाशावर परत आला. तेथून त्याचे नाव पुन्हा वगळले गेले ते २०२५ साली. कुटुंबनिधी योजनेचे नाव आणि रूप २०२१ मध्ये बदलले, २०२३ मध्ये जुने नाव परत आले. मधल्या काळात मतदानयंत्रावरच वाद पेटला. यंत्रात गैरप्रकार होऊ शकतो, असे आरोप राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी पुरावा न देता वारंवार केले. २०२२ सालच्या निवडणुकीत लुला यांना सुमारे ५०.९ टक्के आणि बोल्सोनारो यांना ४९.१ टक्के मते पडली. निकाल न मानणाऱ्या जमावाने ८ जानेवारी २०२३ रोजी राजधानीतील संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय यांवर हल्ला करून नासधूस केली. निवडणूक न्यायालयाने त्याच वर्षी बोल्सोनारो यांना यंत्रांविषयीच्या निराधार आरोपांच्या प्रकरणी २०३० पर्यंत निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविले.

२०२२ सालच्या जनगणनेनुसार ब्राझीलमध्ये पंधरा वर्षांवरील सुमारे एक कोटी चौदा लाख माणसे निरक्षर आहेत, म्हणजे शंभरांत सात. ईशान्य भागात हे प्रमाण दुप्पट आहे, आणि कृष्णवर्णीयांमध्ये ते गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. गुलामगिरी संपून एकशे चौतीस वर्षे झाल्यानंतरचा हा आकडा आहे. या सर्वांना आता मत देता येते. मात्र संविधानानुसार निरक्षराला कोणत्याही पदासाठी उमेदवार म्हणून उभे राहता येत नाही, मग ते पद नगरपालिकेच्या सदस्याचे का असेना. २०१० साली साओ पाउलो राज्यातून तिरिरिका या नावाने प्रसिद्ध असलेले एक विदूषक तेरा लाखांहून अधिक मते मिळवून संसदेवर निवडून आले. त्या वर्षी देशात संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या दुसऱ्या कोणत्याही सदस्याला एवढी मते पडली नव्हती. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, असा आक्षेप घेण्यात आला. न्यायालयात त्यांना वाचन आणि श्रुतलेखन करून दाखवावे लागले. ते उत्तीर्ण झाले, तेव्हाच त्यांचा संसदेत जाण्याचा मार्ग मोकळा झाला.